हवामान बदलाचं सगळं कळलंय ना, मग विद्यापीठांत अजून शोधतायत काय?

कुतूहल_कायम

मंडळी, प्रश्न बाळबोध आहे, हसू नका. भाचीला एका विद्यापीठात क्लायमेटवाल्या ग्रुपमध्ये पीएचडीला अ‍ॅडमिशन मिळालीये. घरी सगळे खूश, पण तिच्या आजोबांनी सरळ विचारलं, अगं पृथ्वी तापतीये हे रोज पेपरात येतं, मग तू पाच वर्षं तिथे करणार काय? ती म्हणाली "ढगांचं पॅरामीटरायझेशन". सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय बदलला. मीही डोलावली, खोटं कशाला बोलू.

तर माझे प्रश्न असे की एक तर कार्बन डायऑक्साइडने तापमान वाढतं हे शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं म्हणे, मग आता उरलंय काय शोधायचं? दुसरं म्हणजे हे सगळं पेपर छापण्यापुरतंच आहे का त्यातून काही हाताला लागतं? आणि ऑफिसातला एक जण ठामपणे म्हणतो की ग्रँट मिळावी म्हणून शास्त्रज्ञ लोकांना घाबरवतात, त्याला काय उत्तर द्यायचं? (तो मला रोज भेटतो त्यामुळे हा प्रश्न सगळ्यात अर्जंट आहे.)

जाणकारांनी जरा सोपं करून सांगा.

रुमालवाला

रुमाल टाकून ठेवतो, रात्री सविस्तर लिहितो.

जुनी_वही

शंभर नाही, सव्वाशेच्या वर वर्षं झाली. स्वांते अर्‍हेनियसने १८९६ मध्ये स्टॉकहोममध्ये बसून कागद-पेन्सिलीने हिशोब केला होता की हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान किती चढेल. त्यामुळे "वाढतं का" हा प्रश्न जुनाच आहे. पण "वाढतं" हे कळणं वेगळं आणि किती, कुठे, किती वेगाने, हे कळणं वेगळं. अंगात ताप आहे हे हात लावूनही कळतं, थर्मामीटर तरीही लागतोच ना.

माझ्या मते या सगळ्या संशोधनातली सगळ्यात मोठी गोष्ट कुठला भारी शोध नाहीये, एक कंटाळवाणी नोंदवही आहे. चार्ल्स डेव्हिड कीलिंग नावाचा माणूस होता, कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत (ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेचा भाग आहे). त्याने १९५८ च्या मार्चमध्ये हवाईच्या मौना लोआ डोंगरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. पहिला आकडा आला ३१३ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख कणांत ३१३. एक-दोन वर्षांत दोन गोष्टी दिसल्या. एक, आकडा वर्षभर वर-खाली होतो, मे महिन्यात सगळ्यात वर आणि सप्टेंबरच्या आसपास खाली, कारण उत्तर गोलार्धातली झाडं उन्हाळ्यात तो ओढून घेतात आणि नंतर सोडतात, अख्खी पृथ्वी श्वास घेतेय असं ते दिसतं. आणि दुसरी गोष्ट, दर वर्षीचा मे आधीच्या मेपेक्षा वर असतो. २०२५ च्या मेमध्ये महिन्याची सरासरी ४३० च्या वर गेली.

आता गंमत ऐका. हे काम चालू ठेवण्यासाठी या माणसाला जन्मभर पैशांसाठी भांडावं लागलं. १९६४ मध्ये बजेट कापलं म्हणून काही महिने मोजणीच बंद पडली, त्या आलेखात आजही तेवढी फट दिसते. फंड देणारे म्हणायचे की हे संशोधन कुठे आहे, हे तर रुटीन मोजमाप झालं. त्यामुळे तुमच्या ऑफिसातल्या मित्राला सांगा की ग्रँटसाठीच करायचं असतं तर त्याने दुसरं काहीही केलं असतं, यापेक्षा सोपं पडलं असतं. २००५ मध्ये तो गेला, आता मुलगा राल्फ कीलिंग ते बघतो.

आणखी एक बारीक गोष्ट मला फार आवडते. यंत्राशिवाय काचेच्या फ्लास्कमध्येही हवेचे नमुने घेतात. घेणारा माणूस वाऱ्याच्या दिशेने तोंड करून उभा राहतो, श्वास रोखून धरतो आणि मग तोटी उघडतो. कारण आपल्या उच्छ्वासात बाहेरच्या हवेच्या शंभरपट कार्बन डायऑक्साइड असतो, एक फुंकर गेली की नमुना फुकट. साठ-पासष्ट वर्षं कोणी ना कोणी असा श्वास रोखून उभा राहिलाय.

शंका_सुर

वहीवाले, छान लिहिलंय, पण मला काही पटत नाहीये सगळं. मौना लोआ हा ज्वालामुखी आहे! ज्वालामुखीच्या डोक्यावर बसून कार्बन डायऑक्साइड मोजायचा आणि म्हणायचं वाढला, वा. दुसरं, वाढला तर तो माणसामुळेच कशावरून, समुद्रातून आला असेल, ज्वालामुखीतून आला असेल. आणि तिसरं म्हणजे ही सगळी भाकितं कॉम्प्युटरची, आणि कॉम्प्युटरला जे घालाल तेच बाहेर येतं. २००९ मध्ये इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या हवामान शास्त्रज्ञांचे ईमेल फुटले होते ते विसरलात वाटतं.

मी बदल होत नाही असं म्हणत नाहीये, फक्त विचारतोय.

जुनी_वही

शंकासुर, विचारा की, विचारलंच पाहिजे. एकेक घेतो.

ज्वालामुखीचं कीलिंगलाही माहीत होतं हो. तिथला गॅस वाऱ्याच्या ठरावीक दिशेने येतो आणि आला की आकडा वेडावाकडा उडतो, त्या वेळच्या नोंदी बाजूला काढतात. शिवाय दक्षिण ध्रुवावर, इतर बेटांवर, कितीतरी ठिकाणी मोजतात आणि सगळीकडे चढ तोच दिसतो. २०२२ च्या नोव्हेंबरात मौना लोआ खरंच फुटला, लाव्ह्याने रस्ता आणि विजेची लाइन तोडली, तेव्हा काही काळ शेजारच्या मौना केआ डोंगरावरून मोजलं. आकड्यांची चढण तशीच.

माणसामुळेच कशावरून, हा खरा भारी प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मला एखाद्या डिटेक्टिव्ह गोष्टीसारखं वाटतं. कार्बनचा एक किरणोत्सारी प्रकार असतो, कार्बन-१४, तो ५,७३० वर्षांत निम्मा होतो. कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षं जमिनीखाली पडून राहिलेलं, त्यात तो शिल्लकच नाही. म्हणजे हवेत जुना पुरलेला कार्बन मिसळला तर कार्बन-१४ चं प्रमाण पातळ होणार. हान्स सूस याने १९५५ मध्ये झाडांच्या लाकडात हे पातळ होणं मोजून दाखवलं. आणि वर सांगितलेल्या राल्फ कीलिंगने १९८९ पासून हवेतला ऑक्सिजन मोजायला घेतला. कार्बन डायऑक्साइड वाढतोय आणि ऑक्सिजन त्याच बरोबरीने किंचित कमी होतोय. काहीतरी जळतंय म्हणून. समुद्रातून नुसता गॅस बाहेर आला असता तर ऑक्सिजन असा घटला नसता. आणि ज्वालामुखी वर्षाला जेवढा सोडतात तो माणसाच्या एक टक्काही भरत नाही.

ईमेलचं म्हणाल तर त्यावर एक नाही, बऱ्याच चौकशा झाल्या. आकडे फिरवल्याचं कुठेही निघालं नाही, मात्र डेटा खुला करण्यात चालढकल करता असे कान उपटले आणि ते बरोबरच होतं. त्याच सुमाराला बर्कलीचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रिचर्ड म्युलर तुमच्यासारखेच शंका घेत होते, त्यांनी स्वतःची टीम जमवून जगभरच्या तापमानाच्या नोंदी पहिल्यापासून तपासल्या, पैशातला काही भाग तर तेल उद्योगातल्या कोक कुटुंबाच्या फाउंडेशनचा होता. २०१२ मध्ये त्यांनी जाहीर लिहिलं की तापमानवाढ खरी आहे आणि कारण जवळपास सगळं माणूसच आहे. शंका घेणं म्हणजे हे, स्वतः मोजून बघणं.

मातीतला_किडा

वहीवाल्यांनी श्वास रोखण्याचं लिहिलं आणि मला एकदम जुने दिवस आठवले, कारण मी पाच वर्षं तेच केलंय, फक्त डोंगरावर नाही, जमिनीवर गुडघे टेकून.

माझी पीएचडी मातीच्या श्वसनावर होती. ऐकायला अध्यात्मिक वाटतं पण नाहीये. मातीत जे सूक्ष्मजीव असतात ते कुजलेली पानं, मुळं वगैरे खातात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. जगभरच्या मातीत जेवढा कार्बन आहे तो हवेतला आणि झाडांतला मिळून होतो त्यापेक्षाही जास्त आहे. मग प्रश्न असा की तापमान वाढलं की हे जीव जास्त खायला लागणार का, म्हणजे माती स्वतःच कार्बन सोडायला लागली तर आपण गाड्या-बिड्या बंद करूनही हिशोब चुकणार.

हे मोजायचं कसं, तर प्लास्टिकच्या पाइपचं एक कडं मातीत रुतवून ठेवायचं, त्यावर झाकण बसवायचं आणि दोन-तीन मिनिटं आतला कार्बन डायऑक्साइड किती वेगाने चढतो ते इन्फ्रारेड अ‍ॅनालायझरवर बघायचं. मग पुढचं कडं. मग पुढचं. माझी ४८ कडी होती. झाकण बसवताना तोंड बाजूला करायचं, आणि जोरात दाबायचं नाही, दाबलं की मातीतली हवा बाहेर येते आणि आकडा खोटा येतो, हे शिकायला मला पहिलं अख्खं वर्ष गेलं. एकदा उंदरांनी केबल कुरतडली आणि सहा आठवड्यांचं तापमान गेलं. गाईडने शांतपणे एवढंच विचारलं की उंदरांचा डेटा आहे का.

या विषयातला दादा प्रयोग म्हणजे हार्वर्ड फॉरेस्टमधला. हार्वर्ड विद्यापीठाचं स्वतःचं जंगल आहे, तिथे १९९१ मध्ये जमिनीत तापवायच्या केबली पुरल्या आणि काही तुकड्यांची माती शेजारच्या मातीपेक्षा ५ अंशांनी गरम ठेवली. वर्षानुवर्षं. आधी कार्बन भरपूर बाहेर पडला, मग काही वर्षं थंडावलं, लोकांना वाटलं चला संपला विषय, माती सरावली. आणि मग पुन्हा सुरू झालं! २६ वर्षांचा हिशोब २०१७ मध्ये छापून आला त्यात ही चढउतार सरळ दिसते, मधल्या काळात खाणारे जीवच बदलले होते. आता सांगा, तीन वर्षांची ग्रँट असती आणि तिथेच थांबले असते तर काय निष्कर्ष निघाला असता? पंधराव्या वर्षी थांबले असते तर अजून भलताच.

माझा स्वतःचा प्रयोग मी बाहेर पडल्यावर दोन वर्षांत बंद झाला, नवीन मंजुरी नाही आली. कडी अजून तिथेच मातीत असतील.

आकडेमोड

घाबरवतात वाल्या मुद्द्यावर. तुमच्या ऑफिसातल्या माणसाला अ‍ॅट्रिब्युशन सायन्सबद्दल सांगा, म्हणजे एखाद्या घटनेत हवामान बदलाचा वाटा किती ते काढणारं शास्त्र. पूर्वी कुठे उष्णतेची लाट आली की शास्त्रज्ञ म्हणायचे "एका घटनेबद्दल काही सांगता येत नाही". २००४ मध्ये ब्रिटनच्या हवामान खात्याचे पीटर स्टॉट आणि ऑक्सफर्डच्या माइल्स अ‍ॅलन वगैरेंनी युरोपातल्या २००३ च्या उन्हाळ्यावर पेपर लिहिला, की असा उन्हाळा येण्याची शक्यता माणसामुळे निदान दुप्पट झाली. पद्धत ऐकायला सोपी आहे, कॉम्प्युटरवर दोन जगं चालवायची, एक आपलं आणि एक जिथे आपण धूर सोडलाच नाही, दोन्हीकडे हजारो वेळा हवामान चालवून बघायचं की अशी लाट किती वेळा येते.

हजारो वेळा चालवायला कॉम्प्युटर कुठून आणायचे, तर ऑक्सफर्डवाल्यांनी २००३ मध्येच लोकांना सांगितलं की तुमच्या घरचा पीसी रिकामा असतो तेव्हा आम्हाला द्या. हौशी लोकांनी दिले.

आता फ्रेडरिके ओटो आणि त्यांचा ग्रुप लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधून हेच आठवड्या-दोन आठवड्यांत करतो. २०२१ च्या जूनमध्ये कॅनडात लिटन गावी ४९.६ अंश तापमान गेलं, दुसऱ्या दिवशी गावच जळालं, आणि जेमतेम आठवड्याने यांचं उत्तर होतं की माणसाने केलेल्या तापमानवाढीशिवाय हे जवळजवळ अशक्य. पण त्याच वर्षी मादागास्करमधल्या दुष्काळावर सगळं जग म्हणत होतं क्लायमेट चेंज, क्लायमेट चेंज, तेव्हा याच लोकांनी हिशोब करून सांगितलं की यात हवामान बदलाचा वाटा फारसा दिसत नाही, गरिबी आणि नेहमीचा पावसाचा लहरीपणा हे मोठं कारण आहे. घाबरवूनच पोट भरायचं असतं तर हातात आलेली संधी कोणी सोडली असती का?

शंका_सुर

मादागास्करचं माहीत नव्हतं. हे पटलं.

वायरमन

तुम्ही सगळे मोजण्याबद्दलच बोलताय, धागाकर्त्याचा दुसरा प्रश्न राहिला, हाताला काय लागलं.

तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय त्याची बॅटरी. जॉन गुडइनफ यांनी १९८० मध्ये ऑक्सफर्डला असताना लिथियम कोबाल्ट ऑक्साइडची कल्पना आणली, त्यावरून पुढे बाजारात आलेली लिथियम-आयन बॅटरी, आणि आता तीच जात गाड्यांत. २०१९ मध्ये वयाच्या ९७ व्या वर्षी नोबेल मिळालं त्यांना. सोलर पॅनेलचं घ्या, सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मार्टिन ग्रीनच्या लॅबमध्ये १९८० च्या दशकात पर्क नावाची सेल निघाली, मागच्या बाजूला एक थर देऊन सुटणारा प्रकाश परत आत ढकलायचा, अशी. तीस वर्षं जवळपास लॅबमध्येच होती आणि मग २०२० च्या सुमारास जगात बसणाऱ्या पॅनेलांमध्ये तिचाच सुकाळ झाला. म्हणजे लॅबमधून छतावर यायला एक पिढी जाते, ही एक अडचणच आहे म्हणा, कारण आपल्याकडे तेवढा वेळ नाहीये.

काही गोष्टी लॅबमध्ये झकास आणि बाहेर फुस्स होतात तेही सांगायला हवं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाने गुरांच्या चाऱ्यात एक लाल समुद्री शेवाळ थोडंसं मिसळलं तर मिथेन ८० टक्क्यांच्या वर कमी झाला (गुरं ढेकरेतून मिथेन सोडतात, तोही पृथ्वी तापवणारा वायू आहे, हसू नका, मोठा आकडा आहे तो). पण तो गोठ्यातला हिशोब, तिथे प्रत्येक घास मोजून देता येतो. मोकळ्या कुरणात चरणाऱ्या गुरांवर केलं तेव्हा घट निम्म्यावर आली.

आणि हवेतून कार्बन ओढणारी मशिनं. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी २००९ मध्ये कंपनी काढली, २०२१ मध्ये आइसलँडमध्ये प्लांट उभा राहिला, कागदावरची क्षमता वर्षाला ४,००० टन. आता हिशोब करा, जग जळणातून वर्षाला साधारण ३,७०० कोटी टन सोडतं. म्हणजे तो प्लांट वर्षभर राबून जे काढेल ते आपण साडेतीन सेकंदांत परत भरतो. मी इंजिनिअर आहे, मला ती मशिनं आवडतात, तरीही.

आकडेमोड

वायरमन, साडेतीन सेकंदांचा हिशोब मी पुन्हा करून बघितला, बरोबर आहे. उगाच केला, आता झोप येणार नाही.

कुतूहल_कायम

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. ऑफिसात आज मादागास्कर आणि ऑक्सिजन दोन्ही वापरले, समोरचा पाच मिनिटं गप्प होता, मग म्हणाला "पण तरी". ते असो.

पण माझं ढगांचं राहिलंच की! पॅरामीटरायझेशन म्हणजे काय ते कोणी सांगेल का? आणि त्यात पाच वर्षं घालवण्यासारखं काय आहे?

आकडेमोड

अहो तुमच्या भाचीने सगळ्यात अवघड जागा पकडलीये, आजोबांना सांगा.

हवामानाचं मॉडेल म्हणजे पृथ्वीवर टाकलेली चौकटींची जाळी. एकेक चौकट साधारण १०० किलोमीटरची. प्रत्येक चौकटीत हवा, पाणी, उष्णता यांची गणितं सोडवायची आणि शेजारच्या चौकटीला द्यायची. आता ढग असतो एक-दोन किलोमीटरचा, कधी त्याहून लहान. तो जाळीतून निसटतो, मॉडेलला दिसतच नाही. मग काय करतात, तर चौकटीतल्या सरासरी आर्द्रता-तापमानावरून अंदाजाचं सूत्र लिहितात की एवढं असेल तर साधारण एवढे ढग असतील. हे सूत्र म्हणजे पॅरामीटरायझेशन. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या "साधारण" मध्ये लपलंय.

कारण ढग दोन्ही बाजूंनी खेळतो. खालचे जाड पांढरे ढग ऊन परत पाठवतात, थंड करतात. खूप वरचे विरळ ढग जमिनीची उष्णता अडवतात, पांघरुणासारखे. पृथ्वी तापली की खालचे ढग कमी झाले तर आणखी तापणार. किती कमी होतील यावर सगळं अडतं. १९७९ मध्ये एमआयटीच्या ज्यूल चार्नी यांच्या समितीने सांगितलं की कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर १.५ ते ४.५ अंश वाढेल. त्यानंतर उपग्रह आले, कॉम्प्युटर कुठल्या कुठे गेले, हजारो लोकांनी आयुष्य घालवलं आणि २०२१ च्या आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरची समिती) अहवालात तो पट्टा झाला २.५ ते ४. चाळीस वर्षांत एवढंच आवळलं, आणि त्यात सगळ्यात मोठी अडचण ढगच. (आयपीसीसी स्वतः संशोधन करत नाही हो, जगभरचे प्राध्यापक वगैरे मिळून छापलेलं वाचून अहवाल लिहितात, आणि त्याचा पगारही मिळत नाही. ग्रँटवाल्या मित्राला हेही सांगा.)

अडीच आणि चार यात फरक केवढा आहे ते वेगळं सांगायला नको, समुद्राजवळची भिंत किती उंच बांधायची ते यावर ठरतं.

मातीतला_किडा

आणि भाचीला कोणी सांगितलं की डेटा नाहीये तर इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाची गोष्ट सांगा. २०२० च्या लॉकडाउनमध्ये एड हॉकिन्स यांनी पावसाच्या जुन्या हस्तलिखित नोंदींची स्कॅन केलेली ६६,००० पानं नेटवर टाकली आणि लोकांना म्हणाले टाइप करून द्या. वाटलं होतं काही महिने लागतील, १६,००० लोकांनी १६ दिवसांत ५२ लाख नोंदी उतरवल्या. काही पानांवर समासात कोणीतरी लिहून ठेवलंय की पर्जन्यमापक चोरीला गेला. माझ्या उंदरांची आठवण झाली.

कुतूहल_कायम

अपडेट. काल भाचीचा फोन आला होता, मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, तू खालच्या ढगांवर का वरच्या?" दोन सेकंद काही आवाजच नाही, मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाली, "मामा, तुला कोणी सांगितलं?" आणि मग पाऊण तास बोलत होती, खालचेच आहेत, समुद्रावरचे, त्यातलं मला निम्मं कळलं पण या वेळी मान डोलावली नाही, मधेमधे प्रश्न विचारले.

आजोबांनी फोन घेऊन तिला विचारलं की मग पाऊस कधी पडणार. ती म्हणाली ते माझं डिपार्टमेंट नाही.

रुमालवाले, तुमचा रुमाल अजून इथेच पडलाय.